जमतं की जमवता?

डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात औषधाचा वास येत नसे. खाली किल्ल्या करून देणाऱ्याचं दुकान होतं, त्यामुळे जिन्यात घासलेल्या पितळेचा वास यायचा आणि वर खोलीत आलं की धुतलेल्या चादरीचा. कपाटात बाटल्या नव्हत्या, टेबलावर गोळ्यांच्या पट्ट्या नव्हत्या. तपासायचं उंच टेबल, खुर्च्या, कोन मोजायची प्लॅस्टिकची पट्टी आणि दारावर पाटी: स्वतंत्र वैद्यकीय तपासनीस.

पाटी वाचून कुणाला काही उमगायचं नाही. लोकांनी मग आपापली नावं ठेवली होती. विमा कंपनीवाले 'तिसरं मत' म्हणायचे. कामगार म्हणायचे 'बिनऔषधाच्या बाई'.

कंपाउंडर मात्र होते. बाईंच्या जुन्या दवाखान्यातून ते त्यांच्याबरोबर आले होते. तिथे त्यांनी आयुष्यभर पुड्या बांधल्या, बाटल्यांना कागदी खुणा चिकटवल्या. इथे बांधायला काहीच नव्हतं. ते टेबलावरची चादर बदलत, आलेल्या माणसाला पाणी देत आणि उरलेल्या वेळात पेन्सिलींना टोकं करत. "निवृत्त पैलवानालाही पैलवानच म्हणतात," ते सांगत, "तसा मी कंपाउंडर."

बाईंचं काम सांगायला सोपं होतं. कामावर कुणाला दुखापत झाली, की त्याचा डॉक्टर एक सांगतो, विमा कंपनीचा डॉक्टर दुसरं. दोघांचे अहवाल एकमेकांकडे पाठ फिरवून बसले, की भरपाईचा लवाद ते प्रकरण बाईंकडे पाठवी. बाईंनी त्या माणसाला एकदा तपासायचं. दुखापत आहे का, किती आहे, कामामुळे झाली का, एवढं लिहायचं आणि बाजूला व्हायचं. उपचार करायचे नाहीत. धीरसुद्धा द्यायचा नाही, आणि त्यांना हेच सगळ्यात जड जाई, कारण त्यांचा हात मुळात धीराचा होता.

बाई थोरल्या बहिणीच्या घरी, वरच्या मजल्यावर राहायच्या. संध्याकाळी खाली जेवायला उतरल्या की ताईच्या तोंडाचा पट्टा सुरू होई.

"घरात डॉक्टर, आणि माझ्या गुडघ्याला पार गल्लीच्या टोकाशी जावं लागतं. तू दिवसभर करतेस तरी काय गं?"

"बघते."

"बघते! बघायला काय, मीही बघते."

"तू माणूस बघतेस, ताई. मी खांदा बघते."

"मग गुडघा बघ की माझा."

"तुझा गुडघा मला बघायच्या आधीच खरा वाटतो. म्हणून नाही बघत."

भावोजी पानातून मान वर न करता हसत. "वहिनी असती तर तिने वकील केलं असतं हिला," ते म्हणत, आणि ताई विचारी, "कुणाची वहिनी?" भावोजींना वहिनी नव्हती. ह्यावर तिघंही रोज नव्याने हसत.

लहानपणी बाईंना दम लागायचा. पळापळीच्या खेळात त्यांना कुणी घेत नसे. दुसरी एखादी मुलगी अशा वेळी लिंबूटिंबू होऊन कुणाच्या तरी मागे धावली असती. ह्यांनी पायरीवर बसून जाहीर केलं की आपण पंच. कुणी नेमलं नव्हतं, पण कुणी हटवलंही नाही, कारण आऊट झालेल्या प्रत्येकाला भांडायला समोर कुणीतरी हवंच असतं. दोन्ही बाजूंच्या शिव्या त्यांनी त्या पायरीवर बसून खाल्ल्या आणि घरी येऊन शांतपणे जेवल्या. पुढे हाडांच्या डॉक्टर झाल्या, बरीच वर्षं प्लास्टर घातली, शस्त्रक्रिया केल्या, नाव कमावलं. तरी लवादाने तिऱ्हाईत डॉक्टर हवाय म्हणून विचारलं, तेव्हा त्यांना जुनी पायरी परत मिळाल्यासारखं वाटलं.

त्यांच्या काही सवयी होत्या. तपासणीच्या खोलीत त्या सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायच्या, कोवळ्या पोरालाही. 'तू' म्हटलं की आवाज एका बाजूला कलतो, असं त्यांचं मत होतं. खुर्ची त्यांनी खिडकीकडे पाठ करून ठेवली होती. कामगारांत अफवा होती की बिनऔषधाच्या बाई खिडकीतून बघतात, लंगडत आलेला माणूस परत जाताना कसा चालतो ते. बाईंच्या कानावर ते आलं आणि त्या दिवशीच त्यांनी खुर्ची फिरवून घेतली. "खोलीत येतं ते माझं," त्या कंपाउंडरना म्हणाल्या. "रस्त्यावरचं ज्याचं त्याच्याकडे."

अशा खोलीत एका सकाळी लांबुडकी आली.

ती मोठ्या लाँड्रीत कामाला होती. हॉटेलांच्या, इस्पितळांच्या चादरी तिथे ढिगाने येत. उंच होती म्हणून सगळे तिला लांबुडकी म्हणत, आणि तिच्याबरोबर घड्या घालणारी बुटकी होती म्हणून बुटकी. लाँड्रीत घडी जोडीने घालतात, आणि जोडी सहसा एका उंचीच्या बायकांची लावतात. ह्या दोघी कशा एकत्र आल्या ते कुणालाच आठवत नव्हतं, पण त्यांच्याइतकी सरळ घडी दुसऱ्या कुणाची पडत नसे, म्हणून मुकादमाने त्यांना कधी वेगळं केलं नाही.

एकदा ओल्या चादरींचा पीळ मशीनच्या ड्रममधून ओढताना लांबुडकीच्या उजव्या खांद्यात कट्‌ आवाज झाला. तिथून हे प्रकरण सुरू झालं. विमा कंपनीचे डॉक्टर लाँड्रीत जाऊन आले. टेबलापाशी उभे राहिले, दोघींना घड्या घालताना पाहिलं, चौकशी केली आणि लिहिलं: वयोमानाप्रमाणे झीज, काम जमते. हे वाचून लांबुडकीच्या घरी संतापाचा भडका उडाला. तिचा मोठा दीर घरातला कारभारी. त्याने तिला आपल्या ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं आणि अहवाल आणला: उजवा हात पूर्ण निकामी.

बाईंपुढे ते दोन्ही अहवाल होते. पहिला खरा ठरला तर लांबुडकीला परत त्याच ड्रमपुढे उभं राहावं लागणार होतं, आणि खांद्याचं ऑपरेशन तिच्या ऐपतीतलं नव्हतं. दुसरा खोटा ठरला तर ती खोटारडी, मग पुढे तिचं काहीच कुणी ऐकणार नव्हतं. तिला हे दोन्ही माहीत होतं. खुर्चीत ती अशी बसली होती की हात तिचा नसून कुणीतरी सांभाळायला दिलेला आहे.

"मी तुमच्यावर उपचार करणार नाही," बाईंनी सुरुवातीला सांगितलं. त्या प्रत्येकाला हे सांगत. "मी तुमच्या बाजूची नाही, कंपनीच्याही नाही. दुखलं तर सांगा, मी थांबेन. कळलं?"

"हो, बाई."

"हात वर करा बरं."

"नाही होत."

"होईल तेवढा."

"होतच नाही हो. मेलाय हात." आणि तिने तोंड वाकडं केलं. वेदनेचा चेहरा बाईंनी इतक्यांदा पाहिला होता की त्याची नक्कल त्यांना लांबून ओळखू यायची. वेदना आधी डोळ्यांत येते आणि मग तोंडाला पोचते. लांबुडकीच्या चेहऱ्यावर ती तोंडापासून सुरू झाली होती.

बाईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला आणि हळूच वर न्यायला लागल्या. दुखरा हात दुखायला लागतो तिथे अडतो. हा हात उचलायच्या आधीच अडत होता. आतून कुणीतरी दार धरून उभं असावं तसा. निकामी हाताला एवढा जोर नसतो.

कोपऱ्यात उभ्या कंपाउंडरनी बाईंकडे पाहून भुवई उडवली. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

इथे थांबता आलं असतं. 'तपासणीत सहकार्य नाही, लक्षणं भासवते' असं लिहून बाई मोकळ्या झाल्या असत्या, आणि ते खोटंही नसतं. पण त्यांच्या मते ते अर्धंच झालं असतं. माणूस खोटं बोलतो म्हणून त्याचा खांदा शाबूत असतोच असं कुठे आहे?

"तुमचं काम काय असतं ते मला नीट माहीत नाही," त्या म्हणाल्या. "घडी कशी घालता?"

"आता काय सांगू? चादर धरायची, घालायची."

"दाखवा." बाईंनी तपासायच्या टेबलावरची चादर ओढून काढली.

"अहो बाई, आत्ताच घातली होती ती!" कंपाउंडर कळवळून म्हणाले.

"परत घाला." बाईंनी एका टोकाचे दोन्ही कोपरे स्वतः धरले आणि दुसरं टोक लांबुडकीपुढे केलं. तिने उठून ते डाव्या हाताने घेतलं. उजवा हात मांडीशी लोंबत ठेवला. बाई मागे सरकल्या. त्यांनी चादर धरली होती ती अगदी पोटाशी, आडवी, मधोमध झोळ पडलेली. कोपरेही उलटे आले होते.

लांबुडकीने पाहिलं. तिच्याच्याने ते बघवेना.

"असं नाही हो, बाई," ती म्हणाली. "झोळ आला. वर धरा. अजून वर. वर… झटक… ये!"

हे शब्द तिने ठरवून उच्चारले नव्हते. लाँड्रीत दिवसभर त्या दोघी एकमेकींना हेच म्हणायच्या. 'वर' म्हटलं की चारही हात वर, 'झटक' म्हटलं की सुरकुती निघेल असा हिसका, आणि 'ये' म्हटलं की चालत एकमेकींकडे. तोंडातून 'वर' आलं आणि लांबुडकीच्या उजव्या हाताने उठून कोपरा पकडला. हात पोटावरून छातीपर्यंत आला. तिथून पुढे जाताना खांदा कानाकडे चढला, कंबर डावीकडे कलली, सगळं उंच शरीर वाकडं होऊन त्या एका हाताला वर ढकलू लागलं. हात खांद्याच्या रेषेच्या जरा खाली पोचला आणि तिथून, काठीचा आधार काढून घ्यावा तसा, खाली पडला. चादरीचं टोक जमिनीवर गेलं.

ह्या वेळी वेदना आधी डोळ्यांत आली.

खाली किल्ली घासायचं यंत्र किरकिरत होतं. लांबुडकी पडलेल्या टोकाकडे बघत राहिली. आपण काय केलं ते तिला कळलं होतं.

"झालं," ती शेवटी म्हणाली. "लिहा आता. नाटक करते म्हणून लिहा. दिरांनी मला बजावलं होतं, की काही झालं तरी…"

"कुणी काय बजावलं ते मला नको," बाई म्हणाल्या. "बसा. आता आपण नीट तपासू. सुरुवातीपासून."

आणि त्यांनी परत तपासलं. पुढून, बाजूने, झोपवून. हात आपल्या हातावर तोलून वर नेला आणि सोडला. तो हळूहळू उतरला नाही, धपकन आला. बाहेरच्या अंगाला जोर लावायला सांगितला. जोर कमी पडला, आणि मधेच दुसरं काहीतरी करून परत तेच पाहिलं तेव्हाही तेवढाच कमी पडला. मग डावा खांदा पाहिला. तो उत्तम होता. ती आता दार धरून उभी नव्हती. दुखलं की "हां" म्हणायची, नाही दुखलं की "नाही".

"कट्‌ आवाज झाल्यानंतरही तुम्ही कामावर जात होता," बाईंनी विचारलं. "घड्यांचं काम जमत होतं?"

"जमतंय कसलं?" लांबुडकी पहिल्यांदाच थोडी चिडली. "जमवत होते. बुटकी दोन्ही बाजूंचा झटका एकटी द्यायची. मी नुसतं टोक खालून धरून वाकडी व्हायचे. मुकादम आला की ती अजून जोरात 'वर' ओरडायची, म्हणजे त्याला वाटावं दोघींनी उचललं. जोडीला सांभाळून घ्यायचंच असतं ना बाई. आज माझं, उद्या तिचं."

बाईंनी पेन्सिल उचलली आणि तो शब्द जसाच्या तसा लिहिला. जमवते.

लांबुडकी गेल्यावर कंपाउंडर चादर झटकत दाराशी आले. "बाई, एक सांगू का? जिना उतरताना पिशवी त्याच हातात होती. उजव्या."

"मी विचारलं का?"

"नाही, पण बघितलं ते बघितलं."

"लोंबती पिशवी धरायला खांदा उचलावा लागत नाही," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही आता पेन्सिलींकडे बघा."

अहवाल त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. सुरुवातीला हात अजिबात उचलता येत नसल्याचं भासवलं, असं लिहिलं. त्यापुढे लिहिलं की उजव्या खांद्याचा स्नायू हाडाला चिकटतो तिथे फाटला आहे, कारण ओला भार ओढणं, ऑपरेशन हवं, त्यानंतर ड्रमचं काम नको. हात निकामी नाही. लिहून झाल्यावर वाचला, एकही शब्द बदलला नाही.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल होतं, पाण्याचा जग होता, त्यावर ग्लास उपडा घातलेला होता. लवादाचे अध्यक्ष वयस्कर गृहस्थ. ते ऐकताना डोळे मिटत, त्यामुळे नवख्या वकिलांना वाटे ते झोपलेत. एका बाजूला लांबुडकी, तिचा दीर आणि कामातून सुट्टी काढून आलेली बुटकी. दुसऱ्या बाजूला विमा कंपनीचा वकील आणि त्याच्या मागे कंपनीचे डॉक्टर. ह्या डॉक्टरांना बाई ओळखत होत्या. घाईत असलेला पण सरळ माणूस.

वकील उठला. त्याला बाईंच्या अहवालातलं पहिलंच वाक्य फार आवडलेलं दिसत होतं.

"डॉक्टर, 'भासवलं' हा तुमचाच शब्द?"

"माझाच."

"म्हणजे ती तुमच्याशी खोटं बोलली."

"सुरुवातीला, हो."

दिराने खुर्चीत जोरात हालचाल केली. लांबुडकीने मान खाली घातली.

"मग पुढचं खरं कशावरून?" वकिलाने हात पसरले. "एकदा खोटं बोललेल्या बाईचं तुम्ही ऐकलंत?"

"पुढचं मी ऐकलं नाही. मोजलं."

अध्यक्षांनी एक डोळा उघडला.

"माणूस भान ठेवून खोटं बोलतो," बाई म्हणाल्या. "मी चादर वेडीवाकडी धरली तेव्हा ह्यांना राहवलं नाही, मला शिकवायला निघाल्या. त्यात भान सुटलं आणि हात वर आला. तो खोटेपणाने जिथे ठेवला होता त्याच्या वर गेला आणि चांगला हात जिथे जातो त्याच्या खाली राहिला. त्या मधल्या जागेत माझा अहवाल आहे."

"आणि झीज? वयोमान?"

"डावा खांदाही त्यांच्याच वयाचा आहे."

मागे कुणीतरी हसलं. बहुतेक बुटकी. वकिलाने कागद चाळले आणि कंपनीच्या डॉक्टरांचा अहवाल वर काढला.

"इथे स्पष्ट लिहिलंय. चौकशी केली असता 'काम जमते' असे सांगितले. स्वतः सांगितलंय तिने, दुखापतीनंतर! आता हेही भान सुटून सांगितलं का?"

"मला त्या 'जमवते' म्हणाल्या."

"तेच ते."

"तेच नाही." बाईंचा आवाज जराही चढला नाही. "तुम्हाला विचारलं, घर चालवायला जमतं का, आणि तुम्ही म्हणालात जमवतो, तर ऐकणारा काय समजेल? जमतं ते ज्याचं त्याला आपोआप. जमवावं लागतं तेव्हा काहीतरी कमी असतं आणि ते दुसरीकडून आणलेलं असतं. ह्यांच्या बाबतीत ते जोडीदारणीच्या हातांतून येत होतं. तुमच्या डॉक्टरांनी काय ऐकलं ते मी कसं सांगू? ते इथे बसलेत. त्यांना विचारा."

वकिलाला हे विचारायचं नव्हतं. पण अध्यक्षांनी आता दोन्ही डोळे उघडले होते, आणि ते कंपनीच्या डॉक्टरांकडे बघत होते.

डॉक्टर उभे राहिले. चष्मा काढला, परत घातला. वकील त्यांच्याकडे असा बघत होता, की 'आठवत नाही' एवढे दोनच शब्द बस झाले असते. त्या खोलीत त्या क्षणी लांबुडकीचा खांदा त्यांच्या हातात होता.

"जमवतेय, असं म्हणाल्या," डॉक्टर म्हणाले. "मला आठवतं, कारण मी चेष्टेत म्हटलं होतं, बाई, मीही जमवतोच आहे. त्या हसल्या होत्या." ते अध्यक्षांकडे वळले. "अहवालात 'जमते' किंवा 'जमत नाही' असं लिहायची पद्धत आहे. तिसरं काही मी लिहिलं नाही. आणि मी हात टेबलापाशी पाहिला, खांदा वेगळा असा तपासला नाही. तपासायला हवा होता."

ते खाली बसले. वकिलाने ग्लास सरळ करून पाणी ओतून घेतलं.

निर्णय लगेच सांगण्यात आला. दुखापत कामामुळेच झाली. ऑपरेशन आणि बरं होईपर्यंतची भरपाई विमा कंपनीने द्यायची. परत कामावर आल्यावर ड्रम नाही, दुरुस्तीच्या टेबलावर शिवणकाम. पण हात निकामी झाल्याची जी कायमची भरपाई दिराने मागितली होती, ती फेटाळली, आणि तसा अहवाल आणल्याबद्दल दोन खरमरीत वाक्यंही ऐकवली.

बाहेरच्या लांब वऱ्हांड्यात दिराने बाईंना गाठलं.

"अर्धंच दिलंत, बाई."

"मी काहीच देत नाही. देणारे आत बसलेत."

"पण ते 'भासवलं' नसतं लिहिलं तर तुमचं काय जात होतं? गरिबाचं भलं झालं असतं."

"भाऊजी, पुरे," लांबुडकी म्हणाली. ती दिराशी ह्या आवाजात पहिल्यांदाच बोलत असावी, कारण तो इकडेतिकडे बघून जिन्याकडे निघून गेला. मग ती बाईंकडे वळली. "राग मलाही आलाय हं. सगळ्यांसमोर वाचलं ते. मान वर करवेना."

"येऊ द्या राग," बाई म्हणाल्या. "पण ते पहिलं वाक्य मी गाळलं असतं, तर त्या वकिलाने ते माझ्या तोंडून उकरून काढलं असतं. मग माझ्या बाकीच्या अहवालावर कुणी विश्वास ठेवला असता का? तुमचा खांदा त्याच वाक्यावर उभा होता."

लांबुडकी पटलं असं म्हणाली नाही. "ऑपरेशन दुखतं का?" तिने विचारलं.

बाईंच्या ओठांवर उत्तर आलं होतं. शेकडो लोकांना त्यांनी ते पूर्वी दिलं होतं, पलंगाच्या कडेला बसून, हातावर हात ठेवून. त्यांनी ते गिळलं. "तुमचे सर्जन सांगतील. त्यांना सगळं विचारा, लाजू नका. दोनदा विचारा."

इतका वेळ मागे उभी असलेली बुटकी आता पुढे झाली. ती जवळून अजूनच लहान दिसायची. डोकं बाईंच्या खांद्यालाही पोचत नव्हतं.

"बाई, रागावू नका, एक मिनिट." ती बाही वर सारायला लागली. "हिचं सांभाळता सांभाळता माझ्या कोपरापासून खाली सगळी शीर…"

"थांबा!" बाई म्हणाल्या.

बुटकीचा हात बाहीवरच थबकला. बाईंनी मान भिंतीकडे वळवली होती. तिथे लवादाच्या कामकाजाच्या वेळा लावलेल्या होत्या आणि त्या त्याच वाचत असल्यासारख्या उभ्या राहिल्या.

"मला दाखवू नका. सांगूही नका."

"अगं बाई, असं काय केलं मी?" बुटकी ओशाळली. "सहज म्हटलं, डॉक्टर आहात तर…"

"काही केलं नाहीत. बाही खाली करा आधी. केलीत?"

"केली."

मग बाईंनी तिच्याकडे पाहिलं. थेट, डोळ्यांत, कोपराच्या खाली नजर जाऊ न देता. "आज परत कामावर जायच्या आधी मुकादमाला सांगा की दुखतंय. मोघम सांगू नका, कशाने दुखतंय ते सांगा. मग तुमच्या डॉक्टरांकडे जा. उद्यावर टाकू नका. विमा कंपनीही आपला डॉक्टर पाठवेल. आणि त्या दोघांचं जुळलं नाही, तर लवाद तिऱ्हाईत डॉक्टर शोधेल. तो मी असेन कदाचित. आज इथे वऱ्हांड्यात मी तुमचा हात बघितला तर मला तेव्हा बघता यायचा नाही. समजतंय का?"

बुटकीला समजायला क्षणभर लागला. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उलगडलं. तिने दुसऱ्या बाहीचं बटणही लावून टाकलं, वर कॉलरचंही.

"म्हणजे आपण भेटलोच नाही," ती म्हणाली.

"भेटलो. हाताबद्दल बोललो नाही."

"बरं. मग येते मी." दोन पावलं गेली आणि थांबली. "पण तुम्ही असलात तर बरं होईल हो."

"ते मला ऐकू आलं नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

लांबुडकीने आपला डावा हात बुटकीच्या पाठीवर ठेवला. "चल. आधी मुकादमाकडे. मी येते तुझ्याबरोबर. आणि तो काय विचारतो त्याला नीट उत्तर दे. माझ्यासारखं हसून घालवू नकोस." दोघी वऱ्हांडा ओलांडून जिन्याशी गेल्या आणि उतरू लागल्या. बाई तिथेच, भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. खालच्या पायरीवरून बुटकीचा चढा आवाज येत होता, मुकादमाला काय सांगायचं त्याची ती आत्तापासूनच तालीम करत होती. तो आवाज रस्त्यात मिसळून जाईपर्यंत त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.